वऱ्हाड लंडनला पोचले, बोली मात्र वेशीवरच!

कलावंत गेला की त्याच्याविषयी दोनच प्रकारचे लेखन होते: एक त्याचे किस्से, दुसरे त्याचे विक्रम. प्रा. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांच्या वाट्यालाही हेच आले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात ते तीन तासांत ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करीत, गिनेस बुकात त्याची नोंद झाली, हे सर्वांना पाठ आहे. पण या माणसाने आपल्या बोलीला काय मिळवून दिले, याचा विचार आपण मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांनी तरी केला आहे काय?

देशपांडे यांचा जन्म १९४३ चा. त्या वेळच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात ते प्राध्यापक होते. दिवसा नाटक शिकवायचे आणि रात्री स्वतः लिहिलेले नाटक स्वतःच उभे करायचे, असे हे आयुष्य. त्यांच्या आधी पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर एकट्याने जिवंत केली होती. पण ती चाळ मुंबईची. लक्ष्मणरावांनी आणले ते मराठवाड्याचे खेडे, आणि तेही त्याच्याच तोंडच्या भाषेत. शिकलेला माणूस बहुधा सर्वांत आधी गावची भाषा टाकतो. या प्राध्यापकाने तीच उचलली आणि तिच्यावर हजारो प्रेक्षक जमविले.

काही जण म्हणतात, यात खेडुताचे हसे होते. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. शहरातला प्रेक्षक आपल्या उच्चाराला हसत असेल, तर ते हसू मलाही बोचते. परंतु दोष लेखकाचा नव्हे. त्याचे वऱ्हाडी विमानात बसतात, लंडनला जातात, तरी बुजत नाहीत. ते लंडनलाच आपल्या मापाने मोजतात. चेष्टा करणाऱ्याला माणसे दुरून दिसली तरी पुरते. एकाच देहात अर्धशतकाहून अधिक माणसे वागवायची तर ती जवळचीच असावी लागतात.

२२ फेब्रुवारी २००९ रोजी ते गेले, तेव्हा मी अगदी लहान होते. मी त्यांना पाहिले ते मोबाईलच्या पडद्यावर. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग चालू ठेवला. म्हणजे नाटक टिकले. मग बोलीचे काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई मला 'काय करायलीस?' असे विचारते, 'काय करते आहेस?' असे नव्हे. कॉलेजच्या फाटकातून आत येताना माझ्यासारख्या कित्येक जणी ते 'करायलीस' बाहेर ठेवून येतात. २०१७ साली आपल्या शहरात ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले, २०२० साली ९३ वे साहित्य संमेलन झाले. मांडव उठले, आणि आपल्या एकांकिका मात्र अजून पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यातच घडतात. त्यांत गावचे बोलणारा असतो तो फक्त गडी किंवा विनोदी पात्र. नायिकेने 'व्हय' म्हटलेले आपण कधी ऐकले आहे का?

प्रमाण भाषा नको, असे माझे म्हणणे नाही. ती शिकण्यासाठीच आमच्या आईबापांनी आम्हांला इथे पाठविले. उत्तरपत्रिकेत ती हवीच. परंतु रंगमंच म्हणजे उत्तरपत्रिका नव्हे. गुरुजनांना विनंती एवढीच, की तालमीत आमचे वाक्य 'अशुद्ध' म्हणून खोडू नये. आणि मित्रहो, पुढील स्नेहसंमेलनात एक तरी एकांकिका आपण आपल्या बोलीत करू. मात्र ती विनोदी नको. दुष्काळाची असो, कारखान्यावर ऊस तोडायला गेलेल्या घराची असो, नाही तर शिकणाऱ्या मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या बापाची असो. लक्ष्मणरावांनी या बोलीत लोकांना पोटभर हसविले. त्याच बोलीत माणूस रडतो, भांडतो आणि विचारही करतो, हे दाखविण्याचे काम आपल्यासाठी उरले आहे.

(द्वितीय वर्ष, कला)