पोरांनो, संबळ काढा!

चित्रकलेच्या तासाला ‘रस्त्यावरचे वादक’ विषय दिला, की आमच्या अंबडची पोरं हमखास गिटार काढतात. पिकासोनं १९२१ साली ‘तीन वादक’ रंगवले, त्यातही गिटार आहे. पण ती त्याच्या स्पेनची. मग नवरात्रात मत्स्योदरीच्या यात्रेतला गोंधळी आपल्या कागदावर का नको? जरा नीट बघा: संबळाची एक बाजू लहान, एक मोठी, टोकाला वाकलेली टिपरी, गळ्यात कवड्यांची माळ, शेजारी तुणतुण्याची एकच तार. आधुनिक चित्राला आणखी काय लागतं? गिटारीवर माझा राग नाही, काढायला सोपी असते बापडी! नगरपरिषदेनं यंदा भिंती रंगवताना हा गोंधळी घ्यावा. आणि चित्रासाठी बसवलेल्या कलावंताला बिदागी रोख द्यावी; नुसता शाल-नारळ नको.