बारावीनंतर त्यांना एकटं सोडू नका

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातली मुलं बारावीनंतर पुढे का शिकत नाहीत, किंवा शिकली तरी मनाजोगत्या ठिकाणी का पोचत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तयार असतं: "योजना भरपूर आहेत, घेणाराच नाही." सरकारी बैठकीत हेच ऐकू येतं, शिक्षकांच्या खोलीत हेच, आणि चंद्रपूर-नागपूरच्या सुशिक्षित घरांतही हेच. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे आणि त्याच्या जोरावर दुसरा खोटा भाग खपून जातो. म्हणून त्याचं खंडन करणं मला गरजेचं वाटतं.

योजना आहेत, हे आधीच मान्य करतो. अनुसूचित जाती-जमातीच्या ज्या घरांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यांच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी 'स्वयं' आहे, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी 'स्वाधार' आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्याला 'स्वाधार'मधून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं पूर्ण शिक्षण शुल्क शासन भरतं. ही यादी कोणत्याही राज्याला अभिमान वाटावा अशी आहे. पण ती पुढे करून मुलांवर बोट ठेवणाऱ्यांनी एकदा या तालुक्याच्या वर्षाकडे पाहावं.

जानेवारी उजाडला की गावागावांतून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि पहिला पाऊस पडला की धानाचे पऱ्हे. प्रवेशाचं वर्षही नेमकं याच महिन्यांतून जातं. सीईटी आणि नीटचे अर्ज हिवाळ्याच्या अखेरीला भरायचे असतात, तेव्हा आईबाप मिरचीच्या वावरात असतात. निकाल लागतो आणि उत्पन्नाचा दाखला काढायची धावपळ सुरू होते, तेव्हा घर तेंदूच्या फडीवर असतं. केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेरीचे पर्याय भरायचे दिवस आणि रोवणीचे दिवस एकच. 'पालकांना गांभीर्य नाही' असं म्हणणाऱ्यांना हे गणित दिसत नाही का? ज्या आठवड्यात सही लागते, त्याच आठवड्यात वर्षाची मजुरी मिळते. त्या माणसानं काय सोडावं?

आणि कागद. या एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आदिवासी मुलाला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. सतरा वर्षांच्या मुलीनं आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर कोतवाल पंजीची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुन्या जमिनीचा कागद, काहीतरी हुडकायचं. मूळ गाव वर्धा नदीपलीकडे राजुऱ्याकडचं निघालं, तर तो मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दप्तराची दिशाच बदलते. माना जमातीला तर आपण स्वतंत्र अनुसूचित जमात आहोत हे सिद्ध करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि निकाल २००६ साली मिळाला. चंद्रपूर-गडचिरोलीत माना किती मोठ्या संख्येनं आहेत, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

घरात वडिलांचं किंवा काकांचं वैधता प्रमाणपत्र असेल, तर पुढच्याचं काम बरंच सोपं होतं. म्हणजे ज्या घरातून आधी कुणी शिकलेलं आहे, त्याला वाट मोकळी, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्यानं तीन पिढ्यांचं दप्तर एकट्यानं उपसायचं. जो सर्वांत अननुभवी, त्याच्यावर सर्वांत अवघड काम टाकणारी ही रचना आहे. तिच्यात अडकलेल्या मुलाला आपण 'निरुत्साही' म्हणतो, हा अन्याय आहे.

यावर एक नवा आक्षेप येतो: आता सगळं मोबाईलवर आहे, माहिती कुणापासून लपलेली नाही. माहिती लपलेली नाही, हे बरोबर. पण शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज 'सेंड बॅक' झाला, म्हणजे नेमकं काय चुकलं, हे कळायला अनुभवी माणूस लागतो. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे की समाजकल्याणच्या, हे बघायला लागतं. अर्ज सेतू केंद्रावर किंवा एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात भरला, मोबाईल क्रमांक दुकानदाराचा दिला, मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पासवर्ड कुणालाच आठवत नाही. खातं आईच्या सोयीनं उघडलेलं, आधारशी जोडलेलं नाही, म्हणून मंजूर झालेली रक्कमही जमा होत नाही. आणि योजना चार वेगवेगळ्या खात्यांच्या: सामाजिक न्याय, आदिवासी विकास, बहुजन कल्याण, उच्च व तंत्र शिक्षण. प्रत्येकाची अट निराळी, तारीख निराळी. गोंडपिपरीच्या मुलाला आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात जायचं तर कोठारी, बल्लारपूर करत चंद्रपूर गाठायचं, पन्नासएक किलोमीटर. साहेब मिटिंगला गेलेले असले की परतीची बस. एका त्रुटीला एक रोजी आणि एक बसभाडं.

पैशाचंही तसंच. शिष्यवृत्ती मिळते ती नंतर, खर्च येतो तो आधी. जागा पक्की करायचे पैसे, नागपूर किंवा पुण्याचं गाडीभाडं, खोलीचं डिपॉझिट, मेसचा पहिला महिना, पुस्तकं, हे सारं जुलै-ऑगस्टमध्ये हातात लागतं. शासनाची रक्कम येते तेव्हा सत्र सरलेलं असतं. शिष्यवृत्तीला पात्र मुलांकडून शुल्क आगाऊ मागू नये असे आदेश आहेत, तरी प्रवेशाच्या टेबलावर पैसे मागितल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतला आपला वाटा ६० टक्के ठरवला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला. हेतू चांगला होता. पण पैसे उशिरा आले की कॉलेजचा तगादाही आता थेट विद्यार्थ्यालाच. कर्ज काढा, असा सल्ला देणारे भेटतात. वनहक्काच्या पट्ट्यावर जगणाऱ्या घराची जमीन कायद्यानं वारसाला जाते, पण विकता येत नाही. तारणावर चालणाऱ्या बँकेच्या दारात तिचा काय उपयोग? विनातारण शैक्षणिक कर्ज मिळू शकतं, हेही त्या घराला कुणीतरी बँकेत सोबत जाऊन मिळवून द्यावं लागतं.

आता सर्वांत लाडका पूर्वपक्ष. "खरा हुशार असेल तो वाट काढतोच." पुराव्यादाखल नावं दिली जातात: कोरपना तालुक्यातल्या लखमापूरचे वकील दीपक चटप ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले, बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रेही गेले. या दोघांचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण केंद्रे यांचंच उदाहरण नीट बघा. पुण्यात शिकायला आलेल्या त्या मुलाला तिथे टिकता आलं नाही, पदवी मुक्त विद्यापीठातून घ्यावी लागली. आणि पुढे त्यांनी काय केलं? यवतमाळला 'एकलव्य' संस्था उभी केली, जिच्यात आधी शिकलेले पुढच्यांचा अर्ज तपासतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, कुठे कोणती शिष्यवृत्ती आहे ते सांगतात. जो स्वतः वाट काढून गेला, त्याला 'ज्याची त्यानं वाट काढावी' हे तत्त्व पटलेलं नाही.

याहून मोठा दाखला आपल्या इतिहासात आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा पुढच्या शिक्षणाला घरात पैसा नव्हता. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी खटपट केली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्यांना नेलं आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ मध्ये कोलंबियाला जातानाही बडोद्याचीच शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड. बाबासाहेबांइतक्या बुद्धीच्या माणसालाही सोबत चालणारा एक शिक्षक लागला. ही गोष्ट बाबासाहेब विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी सरकारकडे मागणी लावून धरली आणि १९४४ पासून दलित विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज मुलं महाडीबीटीवर जिचा अर्ज भरतात, ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तिचीच पुढची पिढी. त्याआधी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच सांगितलं होतं: केवळ चढाओढीनं शिष्यवृत्त्या वाटणं वरवर न्याय्य दिसतं, पण ज्या वर्गात शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यात त्यानं ते पसरत नाही.

मुलांचा हात धरला तर ती परावलंबी होतील, असंही म्हणतात. पुण्या-नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात मुलाचा पर्याय अर्ज बाप भरतो, आई कटऑफचा तक्ता करते, समुपदेशकाला वेगळी फी दिली जाते. तिथे परावलंबनाची काळजी कुणी करत नाही. ती काळजी गोंडपिपरीच्या मुलासाठीच का राखून ठेवली आहे?

तालुक्यातल्याच महाविद्यालयात बी.ए. करू द्या, कशाला लांब धाडता, या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या असंख्य मुलींना त्यामुळेच पदवी मिळाली. घरापासून जवळ शिकणं हे कमीपणाचं नाही. ते निवडलेलं असावं, इतकंच माझं म्हणणं. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे हे माहीत असून, गुण पुरत असून, कागद तयार असून कुणी गावाजवळ शिकायचं ठरवलं, तर त्या निर्णयाचा मान ठेवू.

मग करायचं काय? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एक शिक्षक नेमा, ज्याचे तास कमी केलेले असतील आणि ज्याचं काम डिसेंबर ते सप्टेंबर फक्त हेच असेल. आज हे काम एखादा भला शिक्षक स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या पदरच्या पैशानं करतो. तो बदलून गेला की काम संपतं. वैधतेची फाईल बारावीनंतर नव्हे, अकरावीत उघडा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात मुलांना महाविद्यालयातच वैधता प्रमाणपत्र देण्याचं काम झालं, त्याला 'मंडणगड पॅटर्न' म्हणून राज्यभर नाव मिळालं. कोकणातल्या दुर्गम तालुक्यात होतं ते इथे का होऊ नये? आणि तालुक्याला एक फिरता निधी हवा. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे त्यातून द्यावेत, शिष्यवृत्ती आली की परत भरावेत. पैसा कुठून, हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यानं तरी विचारू नये. कोळशाच्या आणि चुनखडीच्या खाणींमधून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे निधी येतो, आणि शिक्षण हा त्या निधीच्या अग्रक्रमाच्या खर्चात मोडतो. पलीकडे गडचिरोलीत ज्या ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकतात, त्यांनीही आपल्या उत्पन्नातला वाटा मुलांच्या प्रवेशासाठी बाजूला काढावा.

तालुक्यातून शिकून नोकरीला लागलेल्या, चंद्रपूर-नागपूर-पुण्यात स्थिरावलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. देणगीची गोष्ट नंतर बघू. आपल्या गावातलं अकरावीतलं एक मूल निवडा, त्याच्या आजोबांच्या शाळेचा उतारा या दिवाळीच्या सुट्टीत काढून द्या, आणि कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत त्याचा फोन उचला.