देऊळ फिरलं, तर नदी का बोलू नये?

कयाधूकाठचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्याच जिल्ह्यातल्या औंढ्याला नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागच्या बाजूला पाठवलं, तेव्हा देवळानेच तोंड फिरवलं, ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ असते. अशा वाचकाला ‘अर्बन फॅन्टसी’, म्हणजे आजच्या गजबजत्या शहरात घडणारं अद्भुत, परकं वाटायचं कारण नाही. सुरुवात बेन आरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ने (२०११) करावी, मालिकेतलं हे पहिलं पुस्तक. पीटर ग्रँट हा नवखा कॉन्स्टेबल कॉव्हेन्ट गार्डनमधल्या खुनाच्या जागी पहारा देत असतो, तर साक्ष द्यायला चक्क भूत पुढे येतं! पुढे थेम्सची देवी भेटते, तिच्या मुली म्हणजे उपनद्या भेटतात. त्यातली टायबर्न आज रस्त्यांखालून वाहते, पण कादंबरीत तिचा तोरा बघावा! मराठीत नारायण धारपांच्या ‘समर्थ’कथा आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा याच नात्यातल्या, फक्त त्यांचा कल भयाकडे अधिक, मतकरी तर साध्या मध्यमवर्गीय घरात भीती आणून बसवतात. कोलकाता हवं असेल, तर इंद्र दास यांची ‘द डेव्हाउरर्स’ (२०१५) घ्यावी. लांडग्याचं रूप घेणाऱ्यांची ही गोष्ट मुघल काळापर्यंत मागे जाते. ती रक्तरंजित आहे, म्हणून शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये.