देवरुखच्या दोन बहिणी

बँकेत असताना एक दृश्य मी वारंवार पाहिले. पती निवर्तल्यानंतर महिना-दीड महिन्याने बाई दिराबरोबर शाखेत येई. ठेवीची पावती दिराच्या हातात, बोलणे दिराचे; सही तेवढी वहिनींची. मीही फॉर्म दिरापुढेच सरकवत असे. ठेव मोडायची की चालू ठेवायची, हे त्या बाईला विचारावे असे मला सुचले नाही. निवृत्तीनंतर देवरुखच्या दोन बहिणींची आत्मचरित्रे एकापाठोपाठ वाचली आणि तो न विचारलेला प्रश्न टोचू लागला.

आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या देवरुखच्या जोशांच्या या मुली. थोरली गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि त्याच वर्षी वैधव्य! पुढची कितीतरी वर्षे सासरी राबण्यात गेली. मग भावाबरोबर मुंबईला येऊन त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकू लागल्या. हे सदन ११ मार्च १८८९ रोजी सुरू झाले आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई, म्हणजेच सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. कर्व्यांच्या मुरूड गावाने या लग्नाबद्दल बहिष्कार घातला.

धाकट्या बहिणीला, पार्वतीबाई आठवल्यांना, विशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी लहान मुलगा. थोरल्या बहिणीच्या आधाराने त्या पुण्यात शिकल्या आणि कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामात पडल्या. पुनर्विवाह मात्र त्यांनी केला नाही. बहिणीचा मार्ग त्यांनी चुकीचा मानला नाही. तो आपला नव्हे, एवढेच ठरवले.

इथे नियतीने एक गंमत केली. पुनर्विवाहित बाई आश्रमात वावरली तर लोक आपल्या मुली पाठवणार नाहीत, या धास्तीने सुरुवातीच्या काळात आनंदीबाईंना आश्रमापासून दूर राहावे लागले. नवऱ्याने उभारलेल्या संस्थेची दारे बायकोलाच बंद! त्याचे दुःख त्यांनी लपवले नाही. पण त्या रडत बसल्या नाहीत. सुईणपणाचे शिक्षण घेऊन संसाराला हातभार लावला. सार्वजनिक कामात मिळकत ओतून मोकळ्या होणाऱ्या पतीमागे घरचा मेळ कुणीतरी बसवायलाच हवा होता. ताळेबंदात हे योगदान कुठे मांडतात?

उलट पार्वतीबाई, केशवपन केलेल्या, आलवणातल्या, गावोगाव जाऊन आश्रमासाठी निधी गोळा करू शकल्या. पुढे केशवपनाची रूढीही त्यांनी विचारपूर्वक सोडली. १९१८ साली, पन्नाशीला टेकलेल्या असताना आणि इंग्रजी बेताचेच येत असताना, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून भाषा शिकल्या आणि १९२० मध्ये परतल्या. त्यांची 'माझी कहाणी' १९२८ साली, तर बायांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले.

एक घर, एकच आघात आणि दोन वाटा. सनातनी म्हणत, केस काढा. काही उत्साही सुधारक म्हणत, लग्न करा. बाईला काय हवे, हे विचारण्याची घाई दोघांनाही नव्हती. या बहिणींनी आपापले उत्तर स्वतःच दिले आणि एकमेकींचा हात सोडला नाही. माझ्या मते यांचे खरे मोठेपण हेच.

हे सारे जुने झाले, असे म्हणवत नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. चांगलेच झाले. पण याचाच अर्थ तोवर, आनंदीबाईंच्या पुनर्विवाहानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनीही, बांगड्या फुटतच होत्या. आणि ठरावाने बांगड्या वाचतील; घरातले निर्णय कोण घेणार, हे ठरावाने ठरत नाही.

शेजारच्या काकूंचे यजमान अलीकडेच गेले. घर विकून त्यांनी मुलाकडे राहावे, असे सर्वांचे ठरले. मला सल्ला विचारायला मुलगा आला होता. या वेळी मी चूक केली नाही. म्हटले, "कागद नंतर बघू. आधी आईला बोलाव."