कबड्डीचा हंगाम कोणता, ते एकदा सांगा

प्रति,
मशाल स्पोर्ट्स आणि जिओस्टार,
प्रो कबड्डी लीगचे आयोजक व प्रक्षेपक

महोदय,


हिंगोली जिल्ह्यात कबड्डीच्या स्पर्धा भरवणाऱ्या आणि सामन्यांना शिट्टी वाजवणाऱ्या माणसांपैकी मी एक. तुमच्या हिशेबात आम्ही प्रेक्षक आहोत आणि ते खोटं नाही. पण हे पत्र मी प्रेक्षक म्हणून लिहीत नाही, तारखा ठरवणारा माणूस म्हणून लिहितोय. गावची स्पर्धा कधी घ्यायची यासाठी चार जण बसले की हल्ली पहिला प्रश्न निघतो, 'प्रो कबड्डी कधी आहे यंदा?' आणि त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

कसं देणार? पहिला हंगाम २६ जुलै २०१४ ला सुरू झाला आणि ऑगस्टअखेर संपला. दुसराही पावसाळ्यातच. मग २०१६ मध्ये एकाच वर्षात दोन हंगाम झाले, त्यातला पहिला जानेवारी ते मार्च आणि दुसरा जून-जुलैत. २०१७ ला जुलै ते ऑक्टोबर. २०१८ ला ऑक्टोबरात सुरू करून नवीन वर्षाच्या जानेवारीत संपवला. २०१९ ला पुन्हा जुलै. कोरोनानंतर २०२१ चा डिसेंबर, २०२२ चा ऑक्टोबर, २०२३ चा डिसेंबर, २०२४ चा ऑक्टोबर आणि २०२५ मध्ये २९ ऑगस्ट. प्रत्येक वेळी काही ना काही कारण होतं, हे मान्य. २०१८ आणि २०२३ ला आशियाई खेळ होते, २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्रिकेटचा विश्वचषक आपल्याच देशात होता, आणि कोरोनापुढे कुणाचं काय चाललं? पण एवढ्या फिरतीत एक गोष्ट बारा हंगामांत एकदाही हलली नाही. एप्रिल-मे महिन्यांत प्रो कबड्डी कधीच झाली नाही. ते दोन महिने आयपीएलचे. म्हणजे धरायचंच म्हटलं तर वेळापत्रक पक्कं धरता येतं.

आमचं कबड्डीचं वर्ष कसं चालतं ते सांगतो, कारण ते स्टुडिओतून दिसणार नाही. पावसाळ्यात महाविद्यालयं सुरू झाली की संघ जमायला लागतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, पुढे आंतरविद्यापीठ. हे सगळं पहिल्या सत्रात, परीक्षांना धक्का न लावता बसवायचं असतं. हिंगोलीचा दसरा झाला की सोयाबीन काढणी तोंडावर येते. पोरं मळणीयंत्रावर असतात, मैदानावर कुणी सापडत नाही. दिवाळी होऊन हरभरा-गहू पेरून झाला की मग गावोगावच्या खुल्या स्पर्धा लागतात. वसमत-कळमनुरीकडे हळद काढणं-शिजवणं सुरू झालं की पुन्हा हात मोकळे राहत नाहीत. धरून चाला, दिवाळी ते संक्रांतीच्या थोडं पुढे, एवढाच आमचा काळ.

त्या काळात तुमचा हंगाम येऊन पडला की काय होतं? मैदानाची माती चाळलेली असते, पाणी मारून रोलर फिरवलेला असतो. फक्कीने मध्यरेषा, निदानरेषा, बोनसची रेषा आखलेली असते. बांबूला हॅलोजन बांधलेले असतात, पहिलं बक्षीस कोणत्या पुढाऱ्याचं आणि तिसरं कोणत्या कृषी सेवा केंद्राचं हे निवेदक माईकवरून दर पाच मिनिटांनी सांगत असतो. आणि आठ वाजले की गर्दी पातळ होते. निम्मे घरी टीव्हीपुढे जातात, निम्मे मैदानाच्या कडेलाच मोबाईल उघडून बसतात. आठचा आणि नऊचा, असे दोन सामने. म्हणून आमची स्पर्धा आम्ही दहानंतर सुरू करतो आणि अंतिम सामना पहाटे कधीतरी होतो. पुरुषांचं एक वेळ निभावतं. मुलींचे सामने रात्री दहानंतर लावता येत नाहीत. आईबाप पाठवत नाहीत आणि त्यांचं काही चुकत नाही. मग मुलींचा गट दुपारी उन्हात, रिकाम्या मैदानावर उरकतो, आणि पुढच्या वर्षी बक्षीस देणारा म्हणतो, मुलींचं राहू द्या, बघायला कोण येतं? वेळापत्रकाची किंमत कुणी भरली हे शोधायला निघालात तर ते बिल इथे येऊन पोचतं.

तुम्ही या खेळाचं भलं केलं, हेही लिहायला हवं; नाहीतर तक्रारखोर म्हणाल. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेशकुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ ला पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेला. कबड्डी खेळून घर चालतं, ही गोष्ट पोरांच्या बापांना आमच्या शंभर भाषणांनी पटली नसती, ती तुमच्या एका लिलावाने पटली. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार ही नावं आज आमच्या सेनगावच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. नियमांतही तुम्ही चांगलं केलं. पूर्वी आघाडीवरचा संघ शेवटची दहा मिनिटं नुसत्या रिकाम्या चढाया करून घड्याळ संपवायचा आणि बघणारा जांभया द्यायचा. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, हा नियम टीव्हीसाठी आला असेल, पण त्याने खेळ सुधारला. आता मातीच्या मैदानावरसुद्धा तिसऱ्या चढाईला पब्लिक 'डू ऑर डाय' म्हणून ओरडतं. तेव्हा टीव्ही नको, असं म्हणणारा मी नाही.

प्रश्न आहे तारीख आणि गाव कोण ठरवतं याचा. क्रिकेटमध्ये मंडळ हक्क विकतं आणि वाहिनी विकत घेते. दोघांत निदान घासाघीस तरी होते. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या हक्कांचे ४८,३९० कोटी आले ते तसेच. प्रो कबड्डीचं घर वेगळं आहे. लीग चालवणाऱ्या मशालमध्ये स्टार या वाहिनीसमूहाने २०१५ साली ७४ टक्के हिस्सा घेतला आणि २०२१ ला पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ९०८ कोटी ७० लाखांना घेतले तेही स्टारनेच. आज स्टारच जिओस्टार झालं आहे. स्पर्धा भरवणारा आणि स्पर्धा दाखवणारा एकाच घरातला असला की, 'अहो, या तारखेला विद्यापीठाच्या स्पर्धा आहेत,' असं टेबलाच्या पलीकडून म्हणायला कुणी उरत नाही. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही. रचनाच तशी आहे.

या रचनेचा दुसरा परिणाम बाराव्या हंगामात उघड दिसला. सामने झाले विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. महाराष्ट्राचे दोन संघ, यू मुम्बा आणि पुणेरी पलटण, पण महाराष्ट्रात एकही सामना नाही. ज्या राज्यात हुतूतूचे नियम बांधले गेले आणि ज्या राज्यात कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, कबड्डी दिन पाळतात, त्या राज्यात एकसुद्धा नाही. पूर्वी दर आठवड्याला लीगचा ताफा एका संघाच्या गावी जायचा. दहाव्या हंगामात, २०२३-२४ मध्ये, तो बाराही शहरांत फिरला होता. पुढच्याच वर्षी हैदराबाद, नोएडा, पुणे एवढ्यावर आला.

कारण मला कळतं. कॅमेरे, दिवे, मॅट, तारा, दोनशे माणसांची हॉटेलं दर आठवड्याला हलवायची म्हणजे खर्च येतो, आणि टीव्हीच्या चौकटीत मैदान कुठलंही असलं तरी सारखंच दिसतं. खेळणाऱ्याला मात्र ते सारखं नसतं. चार शहरं निवडली की चार संघांना घरची गर्दी मिळते आणि आठांना मिळत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला अंतिम सामना झाला दबंग दिल्ली आणि पुणेरी पलटण यांच्यात, आणि झाला दिल्लीत. दिल्ली चांगली खेळली, जिंकली, त्याबद्दल वाद नाही. पण कुठल्याही पंचाला विचारा, चढाईला उतरलेल्या पोराच्या कानावर पडणारी आरोळी कुणाच्या बाजूची आहे याने फरक पडतो की नाही.

आम्हा हिंगोलीकरांचं आणखीच गमतीचं. पुणे-मुंबई म्हणजे रात्रभराची ट्रॅव्हल्स. हैदराबाद आम्हाला पुण्याहून जवळ पडतं. निजामाच्या राज्यातले आम्ही, सवयच आहे म्हणा. म्हणून आमच्याकडच्या हौशी पोरांनी गचीबावलीत जाऊन तेलुगू टायटन्सच्या घरी पलटणचे सामने पाहिले आहेत. बाराव्या हंगामात टायटन्सच विशाखापट्टणमला गेले, तोही रस्ता बंद.

हे कुठवर जातं ते बघायचं असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथे विद्यापीठांचा फुटबॉल म्हणजे आपल्या आयपीएलएवढा धंदा आहे. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात धरून पळतात, ते सोडा. विद्यापीठांचे प्रादेशिक गट असतात आणि गटातले शेजारी-शेजारी दरवर्षी खेळतात, अशी जुनी रीत. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणावरचं मध्यवर्ती संघटनेचं नियंत्रण मोडलं आणि प्रत्येक गट आपापला करार करायला मोकळा झाला. २०२२ मध्ये बिग टेन या गटाने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाला तसा करार जमला नाही. त्या गटाची मुळं १९१५ पर्यंत जातात, पण २०२४ मध्ये बारापैकी दहा विद्यापीठं सोडून गेली. आता लॉस एंजेलिसचे विद्यार्थी गटातल्या सामन्यासाठी देश ओलांडून न्यू जर्सीला विमानाने जातात. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर असून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळतात. सामना दुपारी की रात्री हे वाहिनी बऱ्याचदा बारा दिवस आधी सांगते, कधी कधी सहाच दिवस आधी. ही पोरं विद्यापीठात शिकतात, सोमवारी त्यांचेही तास असतात. पैसा भरपूर आला, हे खरंच. पण शंभर वर्षं शेजारी असलेल्यांचे दरवर्षीचे सामने वाहिन्यांच्या हिशेबात सुटले.

वाहिनीच्या हिशेबाने जुन्या स्पर्धा हलणं आपल्याकडेही थोडं सुरू झालं आहे. वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा पाहा. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने ती जिंकली, २०१९ ला रोह्यात जानेवारीच्याच अखेरीस झाली. तुमचा आठवा हंगाम फेब्रुवारी २०२२ मध्ये संपल्यावर ती जुलैत झाली. दहावा १ मार्च २०२४ ला संपल्यावर त्याच महिन्यात नगरला. खेळाडू लीगमध्ये अडकलेले असताना राष्ट्रीय स्पर्धा कोण घेणार? ती पुढे सरकली की राज्य निवड चाचणी सरकते आणि तिच्यामागे जिल्ह्याची चाचणी सरकते. सगळ्यात शेवटी धक्का बसतो तो औंढा नागनाथच्या पुढच्या एखाद्या वाडीतल्या पोराला. चाचणी रविवारी आहे असं त्याला गुरुवारी कळतं, तेव्हा तो कुणाच्या तरी शेतात सोयाबीनच्या सुड्या रचत असतो. रोजंदारी सोडून यायचं की नाही, हे त्याने दोन दिवसांत ठरवायचं. असे न आलेले पोरगे कुठल्याच यादीत दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला वाटत असेल की सगळे आले.

२०२१ ला झालेल्या कराराचे पाचही हंगाम पार पडले. तेव्हा पुढच्या कागदावर काय असावं, ते सांगायची हीच वेळ.

हंगामाचे महिने एकदा ठरवून टाका आणि ते करारातच लिहा, जाहिरातीचे सेकंद लिहिता तसे. पावसाळ्यातले घ्या, आमची काही हरकत नाही. जुलै-ऑगस्टला आमची मैदानं चिखलात असतात, तेव्हा टीव्हीवर कबड्डी असली तर उलट बरंच. पोरं बघून शिकतील आणि दिवाळीनंतर मातीत उतरवतील. विश्वचषक किंवा आशियाई खेळ आले तर हलवा, पण ते चार-चार वर्षं आधी माहीत असतात. तेही आधीच सांगता येईल.

वेळापत्रक विद्यापीठांची आणि राज्य संघटनांची दिनदर्शिका छापण्याआधी जाहीर करा. जूनच्या आत म्हणजे आमचं काम होईल. राष्ट्रीय स्पर्धेला दोन आठवडे सोडा आणि ते मोकळेच राहू द्या.

आणि प्रत्येक संघाला घरचा एक आठवडा द्या. परवडत नसेल तर तीन दिवस द्या. पुण्या-मुंबईच्या दोन संघांपैकी एकाने त्यातला एखादा दिवस संभाजीनगर किंवा नांदेडला खेळला तर तिकिटं उरणार नाहीत, एवढं मी माझ्या जबाबदारीवर सांगतो. हिंगोलीत या असं म्हणत नाही. तुमच्या दिव्यांना आणि मॅटला बंदिस्त सभागृह लागतं, त्याचा आग्रह आम्ही दुसऱ्या दाराशी धरू.

राहिला खर्चाचा मुद्दा. तो तुम्ही मांडालच, आणि मांडायलाही हवा. मग आकड्यांसकट मांडा. बारा शहरांच्या ताफ्याला किती लागले, चार शहरांत किती वाचले आणि त्या वाचलेल्यातलं जिल्हा संघटनांपर्यंत काय आलं, हे जाहीर करा. बेरीज-वजाबाकी आम्हालाही येते.

यंदाच्या खुल्या स्पर्धेची तारीख आम्ही अजून धरलेली नाही. मंडपवाल्याला आणि हॅलोजनवाल्याला महिनाभर आधी इसार द्यावा लागतो, आणि या वेळी मुलींचा गट रात्री सात वाजता, भरल्या मैदानावर लावायचं आमच्या मनात आहे. तुमच्या तारखा लवकर कळवाव्यात.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातील एक कबड्डी पंच