रस्ता न खोदता मलवाहिनी दुरुस्त होते, मग माणूस आत का उतरतो?

महापालिकांच्या निविदांमध्ये ‘ट्रेंचलेस’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. जुनी, तडे गेलेली मलवाहिनी रस्ता न खोदता आतूनच दुरुस्त करायची, असा त्याचा अर्थ. वाहतूक अडत नाही, दुकानदार ओरडत नाहीत, नगरसेवकाला फोन येत नाहीत. या कामाचं कौतुक होतं ते याच कारणांसाठी. आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो कुणी विचारत नाही. या कामात गटारात माणूस उतरतो की नाही?

आधी तंत्र समजून घेऊ. १९७१ साली एरिक वुड या इंग्रज अभियंत्याने लंडनच्या हॅकनी भागातल्या एका जुन्या मलवाहिनीत ही पद्धत पहिल्यांदा वापरली. पॉलिस्टरच्या जाड कापडाची लांबलचक नळी रेझिन या चिकट रसायनात भिजवतात. मोजा उलटा करावा तशी ती मॅनहोलमधून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने उलटवत पुढे सरकवतात, म्हणजे रेझिनची ओली बाजू जुन्या पाइपला जाऊन चिकटते. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांचे दिवे वापरून ती कडक करतात. जुन्या पाइपच्या आत सांधे नसलेला नवा पाइप तयार होतो. घराघरांच्या जोडण्यांची तोंडं या कामात झाकली जातात. ती कॅमेऱ्यात बघत छोट्या रोबोटिक कटरने आतूनच पुन्हा उघडतात. जुना पाइप आतून फोडत त्याच्या जागी नवा ओढत न्यायचा, अशीही एक पद्धत आहे. पाइप पूर्ण खचला असेल किंवा त्याचा उतारच बिघडला असेल, तर मात्र खोदण्यावाचून गत्यंतर नसतं. आपल्याकडे हे नवं राहिलेलं नाही. दिल्ली जल बोर्डाने आपल्या मोठ्या मलवाहिन्यांचं पुनरुज्जीवन अशाच पद्धतींनी केलं आहे.

आता पाइप खराब का होतो ते पाहा. सांडपाणी तुंबलं, तळाशी गाळ बसला की त्यात हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो पाण्यातून वर येऊन पाइपच्या छताशी साचतो. तिथल्या ओलाव्यात जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल सिमेंट खात जातं. वरून डांबर गुळगुळीत दिसतं, खाली छत पातळ होत असतं, आणि एक दिवस रस्ता खचतो.

हाच वायू माणूस मारतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेतलं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. आत उतरलेल्याला वाटतं, वास गेला, हवा मोकळी झाली. प्रमाण आणखी वाढलं की काही श्वासांतच शुद्ध हरपते. वर उभा असलेला सोबती त्याला काढायला उतरतो आणि तोही परत येत नाही. एकाच मॅनहोलमध्ये दोन-तीन मृत्यू होतात ते यामुळे. म्हणजे जी वाहिनी दुरुस्तीला सर्वाधिक लायक, तीच बहुधा माणसासाठी सर्वाधिक घातक असते. सफाई आणि दुरुस्ती हे दोन वेगळे विषय आहेत असं फाइलीत दिसतं, मॅनहोलच्या तळाशी तसा काही फरक नसतो.

कायद्याने मात्र तो फरक केला आहे. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास मनाई करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी लागू झाला. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. त्याच्या सातव्या कलमाने गटारे आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला बंदी घातली. पण सोबत आलेल्या नियमांतला तिसरा नियम नीट वाचा. माणसाला आत उतरवू नये असं सांगून तो लगेच अपवाद मोजतो. ३०० मिलिमीटरपेक्षा मोठी नवी वाहिनी जुनीला जोडायची असेल तर. तळातले पंप काढायचे असतील तर. मॅनहोल पुन्हा बांधायचं किंवा मलवाहिनी दुरुस्त करायची असेल तर. आणि शेवटी, अगदीच आवश्यक असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने लेखी कारणं नोंदवून परवानगी द्यावी. या सगळ्यात सुरक्षा साधनं सक्तीची आहेत, हे खरं. तरीही ‘दुरुस्ती’ या शब्दाचा दरवाजा उघडाच राहिला.

या दरवाजाचा उपयोग कसा होतो, ते मी एका शहरात पाहिलं आहे. मृत कामगाराच्या पत्नीबरोबर भरपाईचा अर्ज घेऊन गेले, तर समोरचा अधिकारी म्हणाला, “ताई, हा माणूस सफाईला नव्हता. दुरुस्तीच्या कामावर होता. ते कंत्राटदाराचं बघा.” कंत्राटदाराने उपकंत्राटदाराकडे बोट दाखवलं, उपकंत्राटदाराने मुकादमाकडे. मुकादमाचा फोन बंद.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. बलराम सिंग प्रकरणात २० ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कंत्राटदारामार्फत होणाऱ्या कामातही कोणत्याही कारणासाठी माणसाला गटारात उतरावं लागू नये, अशी व्यवस्था करायला सांगितलं. कोणत्याही कारणासाठी, यात दुरुस्तीही आली. पुढे २९ जानेवारी २०२५ रोजी याच प्रकरणात दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश आला. पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर त्या यादीत नाहीत. तिथला मॅनहोलमधला वायू काही सौम्य आहे असं नाही.

मग ट्रेंचलेस पद्धत आली म्हणजे प्रश्न सुटला का? कंपन्यांची माहितीपत्रकं पाहिली तर तसं वाटतं. पण नळी आत जाण्याआधी पाइप स्वच्छ असावा लागतो. वर्षानुवर्षांचा गाळ, दगड, वाळू, झाडांची मुळं काढावी लागतात. वरच्या बाजूने येणारं सांडपाणी अडवून पंपाने दुसरीकडे वळवावं लागतं आणि त्यासाठी मॅनहोलमध्ये बूच बसवावं लागतं. लहान पाइपमध्ये ही कामं जेटिंग मशीन, सक्शन गाडी आणि हवेने फुगणाऱ्या बुचांनी होतात. मशीन वेळेवर आली नाही, बूच नीट बसलं नाही की मुकादम एखाद्या पोराला दोर बांधून खाली सोडतो. मुंबईत ब्रिटिशांनी बांधलेल्या विटांच्या मोठ्या वाहिन्यांसारख्या ठिकाणी तर माणूस आत वाकून चालू शकतो. तिथे फायबरचे तयार तुकडे आत नेऊन बसवण्याची पद्धत वापरली, तर ते काम माणसंच करतात. शिवाय रेझिनमधून निघणारी स्टायरिनची वाफ वेगळीच, बंदिस्त जागेत तीही घातक.

थोडक्यात, रस्त्यावरचा खड्डा टळतो, पण खालचा माणूस आपोआप टळत नाही. तो टाळायचा असेल तर निविदेत तसं लिहावं लागतं. गाळ काढण्याचं काम घनमीटरवर मोजून पैसे द्यायचे आणि तो कशाने काढला हे विचारायचंच नाही, अशी निविदा असेल तर कंत्राटदार स्वस्तातला मार्ग निवडणार. आपल्या देशात स्वस्त काय आहे, हे वेगळं सांगायला नको.

केंद्राच्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत ३७७ जणांचा मृत्यू झाला. २०२२ आणि २०२३ मधल्या अशा ५४ मृत्यूंची सरकारनेच तपासणी करून घेतली, तेव्हा ४९ जणांकडे कोणतंही सुरक्षा साधन नव्हतं. ५४ पैकी ३८ जण वैयक्तिकरीत्या कामावर बोलावलेले होते. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली. त्यात अनुसूचित जातींचे सुमारे ६९ टक्के. अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग धरले तर हा आकडा ९२ टक्क्यांच्या घरात जातो. जात कामाची वाटणी करते आणि माणसांचीही करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं होतं. ही टक्केवारी सरकारी शिक्क्यासह तेच सांगते.

एक भीती मला वस्त्यांमधल्या बैठकांत वारंवार ऐकू येते. मशीन आलं तर आमचं काय? ती रास्त आहे. पाइपमध्ये कॅमेरा फिरवणं, जेटिंग गाडी चालवणं, कटर हाताळणं ही चांगल्या पगाराची कामं आहेत आणि ती आयटीआय झालेल्या दुसऱ्याच कुणाला मिळतील, असा लोकांचा अनुभव आहे. हैदराबादने २०१७ मध्ये आणि दिल्लीने २०१९ मध्ये वेगळी वाट घेतली. दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे पुण्यात सुरू झालेली ‘डिक्की’, हिच्या साहाय्याने गटारसफाईच्या यंत्रगाड्या दलित आणि सफाई कामगार कुटुंबांतल्या उद्योजकांना कर्जावर दिल्या आणि पालिका-जल मंडळाने त्यांना कामाची हमी दिली. दिल्लीत अशा २०० गाड्या होत्या. त्यांच्या मालकीने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. हप्ते, देयकांची थकबाकी, गाडीवर राबणाऱ्या मजुराचा पगार हे प्रश्न उरतातच. पण ट्रेंचलेस कामाच्या बाबतीत महाराष्ट्रात एवढासुद्धा विचार झालेला मला दिसलेला नाही. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभारला तेव्हा समोर मालक म्हणून पालिका होती. आज पालिका आणि कामगार यांच्यामध्ये तीन-चार माणसं उभी आहेत, त्यामुळे संघटनेला मागणी कुणाकडे करायची हेच आधी शोधावं लागतं.

त्यामुळे सुरुवात कागदापासून करावी लागेल. आपल्या शहरात मलवाहिनी दुरुस्तीची निविदा निघाली असेल तर माहिती अधिकारात तिची प्रत मागा. गाळ काढण्याची पद्धत त्यात लिहिली आहे का, माणूस उतरवल्यास दंड आणि काळ्या यादीची अट आहे का, उपकंत्राटदाराच्या कामगारांची नावं आणि विमा पालिकेकडे आहे का, प्रशिक्षणात सफाई कामगार कुटुंबांतल्या तरुणांना जागा राखली आहे का, हे पाहा. आणि तिसऱ्या नियमाखाली मुख्य अधिकाऱ्याने आजवर किती लेखी परवानग्या दिल्या, त्यांच्या प्रतीही मागा. एकही परवानगी नाही असं उत्तर आलं आणि त्याच काळात त्या शहरात दुरुस्तीच्या कामावर कुणी गटारात मेलं असेल, तर ते उत्तर पोलिसांत तक्रार देताना सोबत जोडता येतं.