रॉक्सबर्ग-भवन आणि कुंभ्याचे झाड

हुगळीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे, रॉबर्ट किड याने १७८७ साली स्थापिलेल्या वनस्पती-उद्यानात, एक तीन मजली वास्तू नदीकडे पाहत उभी आहे. १७९३ ते १८१३ या काळात उद्यानाचा अधीक्षक असलेल्या विल्यम रॉक्सबर्गचे हे निवासस्थान १७९५ साली बांधले गेले. बराच काळ दुर्लक्षित राहिलेल्या या वास्तूचे वर्णन 'साहेबाचे घर' एवढ्यावर आटोपते. वास्तुशैलीच्या अभ्यासकाला ते पुरेसे वाटेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला वाटू नये.

त्या काळच्या कलकत्त्यात निवास, कचेरी आणि बैठक यांत आजच्यासारखी भिंत नव्हती. रॉक्सबर्गच्या देखरेखीखाली हिंदी चित्रकारांनी वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक चित्रे काढली. त्याच्या ग्रंथात लॅटिन नावांबरोबर संस्कृत, बंगाली, तेलुगू नावेही येतात. ही नावे कोणाच्या तरी मुखातून आली असली पाहिजेत. परंतु चित्रकारांप्रमाणेच त्या माहितगारांपैकीही बहुतेक अनामिक राहिले.

मराठीचा या वास्तूशी संबंध दूरचा नाही. त्याच तीरावर, नदीच्या वरच्या अंगाला, श्रीरामपूर आहे. तेथील विल्यम कॅरी याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी लिपीत मराठी शब्दकोश छापला. या कामी पंडित वैजनाथशर्मा त्याचे साहाय्यक होते. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याची 'फ्लोरा इंडिका' संपादून १८२० पासून छापणाराही कॅरीच. सह्याद्रीतला कुंभा आज शास्त्रात 'कॅरेया' म्हणून ओळखला जातो. रॉक्सबर्गने हे नाव मित्राच्या सन्मानार्थ दिले. एका मराठी झाडावर मराठीच्या व्याकरणकाराचे नाव कोरले गेले, पण मराठी वाङ्मयेतिहासाला त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

उद्यानाच्या स्थापनेमागे कंपनीचा व्यापारी हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच या वास्तूच्या जीर्णोद्धारात केवळ गिलावा आणि रंग यांवर समाधान मानणे अपुरे ठरेल. तिच्या दालनांत प्रत्येक चित्राशेजारी त्या वनस्पतीची देशी नावे लिहिली जावीत, आणि जेथे चित्रकाराचे नाव ठाऊक नाही तेथे 'अज्ञात हिंदी चित्रकार' असे स्पष्ट नोंदवावे. भिंती कोणी बांधवल्या हे फलक सांगतीलच. आत ज्ञान कोणी आणले, हेही त्यांनी सांगितले पाहिजे.